चैत्रगौरीपुढच्या घंगाळात फुलं तारेने उभी करायची आहेत, मदत हवी

नमस्कार मंडळी,

यंदा बडोद्यात आमच्या दांडिया बाजारच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. डाळ-पन्हं सासूबाई बघणार, फुलांचं माझ्याकडे. त्यांचं जुनं पितळी घंगाळ आहे, त्यात पाणी घालून निशिगंध, गुलाब आणि थोडे जरबेरा उभे करायचेत. घंगाळाचं तोंड इतकं रुंद आहे की दांडे नुसते कडेला आडवे पडतात.

सजावटवाले वापरतात तो हिरवा फोम मला अजिबात नको. तो प्लास्टिकचाच प्रकार, कुजत नाही आणि त्याचा चुरा पाण्यात उतरतो. गौरीपुढचं पाणी आम्ही झाडांना घालतो, त्यात तो कशाला? म्हणून सजावटीची सोनेरी अ‍ॅल्युमिनियमची तार आणली आहे, २ मिलिमीटर जाडीची. हाताने सहज वळते, लोखंडी तारेसारखी गंजतही नाही. तिचं सैल भेंडोळं करून तळाशी बसवायचं आणि वेटोळ्यांत दांडे खोचायचे, असं डोक्यात आहे.

आता अडलंय ते असं. पाण्यात पितळेला लागून राहिलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. एका संध्याकाळीपुरतं चालून जाईल, पण मला ही सजावट अक्षय्य तृतीयेपर्यंत ठेवायची आहे, फुलं बदलत बदलत. मग तांब्याची तार घ्यावी का? निशिगंधाची उंच काडी नुसत्या भेंडोळ्यावर तोलेल का? आणि जरबेराची मान दुसऱ्या दिवशीच पडते, तिला तार लावायची तर दांड्याच्या आतून की बाहेरून?

फुलं खंडेराव मार्केटातून सकाळीच आणेन. पण एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. घंगाळ सासूबाईंना फार जपून ठेवायचं असतं, त्यामुळे त्यावर डाग पडेल असं काही सुचवू नका, ही विनंती.

प्रतिसाद:

ताई, तार बदलू नका, घंगाळात काचेचा पसरट वाडगा ठेवा. पाणी आणि तार दोन्ही वाडग्यात, म्हणजे पितळेला काहीच लागत नाही. कडेची फट मोगऱ्याने झाकून टाका.

भेंडोळं एकाच थराचं केलंत तर निशिगंध कलंडणारच. खाली एक आणि वाडग्याच्या तोंडाशी एक असे दोन थर करा, काडी दोन्हींतून गेली की हलत नाही. तरीही काड्या थोड्या आखूडच कापा.

जरबेराला बारीक तार बाहेरून, फुलाच्या अगदी खालपासून सैल वेढे देत उतरवा. दांडा टोचला की तिथूनच सडतो. त्याला पाणीही कमी लागतं, म्हणून तो वेगळ्या उथळ भांड्यात ठेवलेला बरा. बाकीच्यांची पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला आणि बदलताना दांड्याचं टोक तिरकं कापा. रात्री वाडगा घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, पंख्याखाली नको.