मदत हवी आहे: सेडान की हॅच, टर्बो की बिनटर्बो? रविवारपर्यंत ठरवायचंय

उजवा_पेडल | गुरुवार, रात्री १०:५०
मंडळी, वेळ कमी आहे म्हणून थेट विचारतो. सध्याची १.६ लिटर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारी) हॅच काढून टाकतोय. समोर दोन गाड्या आहेत, दोन्ही वापरलेल्या, दोन्ही मॅन्युअल. एक सेडान, दोन लिटर, बिनटर्बो. दुसरी हॅच, दोन लिटर टर्बो. रविवारी एका मालकाला हो म्हणायचंय. बॉडी कुठली आणि इंजिन कुठलं, एवढंच सांगा. "चालवून बघा" असं कृपया लिहू नका. चालवल्यात, दोन्ही आवडल्यात, म्हणूनच अडलोय.

आठहजारी | रात्री ११:०५
डोळे मिटून सेडान. होंडा सिव्हिक टाइप आर बघा. २००७ मध्ये या नावाच्या दोन गाड्या होत्या, जपानसाठी चार दारांची एफडी२ आणि युरोपसाठी तीन दारांची एफएन२. दोघींत दोन लिटरचं के२० इंजिन, टर्बो नाही. एफडी२ मध्ये ते ८००० आरपीएमला २२५ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) द्यायचं, एफएन२ मध्ये २०१. सेडानला मागे स्वतंत्र सस्पेन्शन, हॅचला टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याने जोडलेली. जास्त तिखट गाडी त्यांनी सेडानमध्येच बनवली. आणि ते इंजिन सहा हजारांच्या पुढे आवाज बदलतं तेव्हा अंगावर काटा येतो, तो टर्बोत येत नाही.

तीनदारी | रात्री ११:२२
आठहजारी, अर्धंच सांगताय. एफएन२ मागे पडली ती बीममुळे, हॅच होती म्हणून नाही. तिच्या आधीची ईपी३ पण तीन दारांचीच होती, तिला मागे स्वतंत्र सस्पेन्शन होतं.
टोयोटा जीआर यारिस घ्या. पाच दारांची यारिस तयार असताना २०२० मध्ये रॅलीसाठी तीन दारांची वेगळी बॉडी बनवली. छत कार्बन फायबरचं, इंजिन १६१८ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, ताकद चारही चाकांना, वजन १२८० किलोच्या आसपास. तेच इंजिन पुढे पाच दारांच्या जीआर कोरोलात गेलं तेव्हा वजन दीडशे किलोंहून जास्त वाढलं. धागाकर्त्याने हॅचच घ्यावी, आणि तीन दारांची मिळाली तर तीच.

ग्रीसचे_हात | रात्री ११:३०
आधी जरा थांबा सगळे. उजवा_पेडल, गाडी कशासाठी हवीय? रोज ऑफिसला, घाटात की ट्रॅकवर? गाडीत किती माणसं बसतात? आणि आहे ती का काढताय? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

आठहजारी | रात्री ११:४१
तीनदारी, बॉडीचा कडकपणा विसरलात. सेडानला मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याची आडवी भिंत असते, वर पार्सल शेल्फ. त्यामुळे मागचा भाग पिळवटत नाही. हॅचला मागे भलंमोठं भोक.

तीनदारी | रात्री ११:४८
सीट दुमडता येणाऱ्या सेडानमध्ये ती भिंत कुठे असते? तिथेही भोकच. शिवाय हॅचला मागच्या चाकाच्या पलीकडे फार काही लोंबत नाही, त्यामुळे दिशा पटकन बदलते.

तीनदारी | रात्री ११:४८
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा आला.

उजवा_पेडल | शुक्रवार, सकाळी ७:१०
ग्रीसचे_हात, ट्रॅकसाठी. महिन्यातून एकदा जातो. इथे सगळे त्यासाठीच विचारतात असं धरून चाललो. सोबत एक मित्र असतो आणि मागे ट्रॅकच्या चाकांचा दुसरा सेट. काढायचं कारण म्हणजे ही चौथ्या फेरीला दम टाकते. पहिल्या दोन फेऱ्या झकास, मग सरळ रस्त्यावर खेचतच नाही. ब्रेकही तेव्हाच मऊ पडतात. १.६ अपुरं पडतंय, दोन लिटर हवंच. आता सेडान की हॅच ते सांगा.

ग्रीसचे_हात | सकाळी ७:३५
तुमचा खरा प्रश्न हा आहे आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत. इंजिन अपुरं असेल तर ते पहिल्या फेरीलाही अपुरंच असतं. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो का? कुठल्या कंपनीची, किती किलोमीटर झालीत? ओबीडीला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावून इनटेक हवेचं तापमान कधी बघितलंय? ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

उजवा_पेडल | सकाळी ७:४४
कंपनी सांगत नाही, सांगितली की धागा तिकडेच वाहत जाईल. ६१ हजार किमी. दिवा लागत नाही. मागच्या वेळचा लॉग फोनमध्ये आहे, रात्री बघून टाकतो. ब्रेक ऑइल सर्व्हिसिंगमध्ये बदलत असतील.

हवेवरचा | सकाळी ९:०२
टायरमध्ये नायट्रोजन भरा. मी तीन वर्षं भरतोय, गाडीत जमीन-अस्मानाचा फरक पडला. ट्रॅकवाल्यांनी तर भरायलाच हवा.

जुनी_चावी | सकाळी ९:३०
हवेवरचा, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ट्रॅकवर फायदा कोरड्या हवेचा, कारण दमट हवेतल्या बाष्पामुळे गरम टायरचा दाब जास्त चढतो. फेऱ्या मारून आल्या आल्या दाब मोजा आणि वाढलेला तेवढा काढा, काम झालं.
अवांतर: सेडान-हॅच वाद वाचून प्यूजो २०५ जीटीआय आठवली. १९८४ ला १.६ आली, १९८६ ला १.९, १३० पीएस. वळणाच्या मध्यात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की मागचं टोक पुढे यायला बघायचं. मी एकदाच, मित्राच्या १.९ मध्ये, तसा पाय उचलला. स्टिअरिंग अचानक हलकं झालं आणि खिडकीतून समोरचा रस्ता दिसायला लागला. त्या दिवसापासून वळणात पाय एकसारखा ठेवायला शिकलो. छोट्या, हलक्या हॅचने जे शिकवलं ते नंतर कुठल्याच गाडीने शिकवलं नाही.

आठहजारी | सकाळी ९:५५
दम टाकते ना? मग हा टर्बोचाच दोष. बिनटर्बो घ्या, प्रश्न मिटला.

तीनदारी | सकाळी १०:१०
आणि वळणातून बाहेर पडताना काय, साडेसहा हजारांची वाट बघत बसायचं? सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट बघा. जुनी १.६ बिनटर्बो, १३६ पीएस आणि १६० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). २०१७ ची १.४ टर्बो, १४० पीएस पण २३० न्यूटन-मीटर, आणि जपानी मॉडेलचं वजन ९७० किलो. पीएस जवळपास तेच, पण गाडी वेगळीच.

आठहजारी | सकाळी १०:२१
त्यातलं निम्मं श्रेय वजनाचं. टॉर्क आकड्यात छान दिसतो. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, आणि ट्रॅकवर सुई वरच असते.

उजवा_पेडल | रात्री ९:१५
लॉग टाकतोय. बाहेर ३१ अंश होतं. इनटेक हवा, फेरीच्या शेवटी: पहिली ४३, दुसरी ५२, तिसरी ६२, चौथी ७१. इग्निशन टायमिंगचा (ठिणगी किती आधी पडते त्याचा) आकडा तिसरीपासून घसरत गेलाय. म्हणजे काय?

ग्रीसचे_हात | रात्री ९:४०
म्हणजे इंजिन लहान नाही, गरम हवा पितंय. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. एक बार बूस्टला (टर्बोच्या जादा दाबाला) इंटरकूलरच्या आधी तापमान सहज शंभराच्या वर जातं. ते खाली आणणं हे इंटरकूलरचं काम. ते जमलं नाही की नॉकिंग (इंधन आपोआप भडकणं) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टायमिंग मागे ओढतो, बूस्टही कमी करतो. तुम्हाला ते "खेचत नाही" असं जाणवतं. दोन लिटर टर्बो घेतलीत आणि तिचा इंटरकूलर असाच गुदमरला तर तीही चौथ्या फेरीला हेच करेल. बंपरखालून टॉर्च मारून बघा, इंटरकूलरसमोर काय आहे?

उजवा_पेडल | रात्री १०:२०
आत्ताच बघून आलो. पट्ट्यांमध्ये पाचोळा आणि मेलेले किडे गच्च बसलेत. आणि खालच्या ग्रिलमागे मी एक बारीक काळी जाळी लावली होती, दिसायला छान दिसते म्हणून. तिची छिद्रं तांदळाच्या दाण्याएवढी आहेत, त्यातली निम्मी चिखलाने बुजलीत. हे सांगायचं डोक्यातच आलं नाही.

तीनदारी | रात्री १०:२४
जाळी आजच काढा.

ग्रीसचे_हात | रात्री १०:३१
काढा. पट्ट्या मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेऊ नका, पट्ट्या वाकतात. आणि दोन जोरदार फेऱ्यांनंतर एक हळू फेरी मारा.
आता ब्रेक. डॉट ४ या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ असा ठरलेला असतो. जुनं ऑइल आत उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल मऊ. "बदलत असतील" यावर ट्रॅकवर जाऊ नका. हात जोडून सांगतो, उद्या जाणार असाल तर आधी ऑइल बदला, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा.

उजवा_पेडल | रात्री १०:४५
उद्या ट्रॅक आहेच. सकाळी ओळखीच्या मेकॅनिककडे बदलून मगच जातो. पण सेडान-हॅचचं उत्तर राहिलंच.

जुनी_चावी | रात्री ११:००
चाकं कुठल्या मापाची नेता?

उजवा_पेडल | रात्री ११:०४
२२५/४५ आर १७.

जुनी_चावी | रात्री ११:१६
म्हणजे व्यास ६३ सेंटीमीटरहून थोडा जास्त, रुंदी साडेबावीस. सेडानच्या डिकीत आडवी ठेवून एकावर एक दोन बसतील. शेजारी दुसरी जोडी बसत नाही, मधे चाकाचे फुगवटे येतात. उरलेली दोन मागच्या सीटवर, मग जॅक आणि हत्यारं मित्राच्या पायाशी. हॅचमध्ये सीट दुमडली की चारही आत जातात. इंजिनावर हवं तेवढं भांडा, पण बॉडीचा प्रश्न तुमच्या चाकांनीच सोडवलाय.

आठहजारी | रात्री ११:३०
चाकं ट्रॅकवर बदलायची गरजच काय? घरूनच घालून जायची. सेडानच.

उजवा_पेडल | रविवार, संध्याकाळी ६:२०
काल जाऊन आलो. जाळी काढली होती, इंटरकूलर धुतला होता, ब्रेक ऑइल नवीन. जुनं चहासारखं काळपट निघालं. बाहेर ३२ होतं, चौथ्या फेरीला इनटेक ५७. सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत खेचत होती. पेडल सहाव्या फेरीपर्यंत कडक राहिलं. पुढचे पॅड मात्र वास मारायला लागले, म्हणून थांबलो.
दोन्ही मालकांना आठवडाभर थांबाल का विचारलं. सेडानवाले थांबले नाहीत, हॅचवाले थांबतो म्हणाले. पॅडसाठी वेगळा धागा काढतो. ग्रीसचे_हात, मनापासून आभार.

ग्रीसचे_हात | संध्याकाळी ६:४१
काढा. पण या वेळी गाडीचं वजन, डिस्कचा व्यास आणि सध्या कुठले पॅड आहेत ते पहिल्याच ओळीत लिहा. आणि कंपनीचं नावही, नाहीतर पॅडचा आकार कुणी सांगू शकणार नाही.