एपीएआरमध्ये (वर्षाच्या कामगिरी अहवालात) १० पैकी ५.८ आलेत, रिप्रेझेंटेशन (गुण वाढवण्यासाठी लेखी निवेदन) द्यावं का?

फाईलवाला
केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे. गेल्या वर्षी ७.४ होते, यंदा थेट ५.८. साहेब तेच, फक्त यंदा वादातल्या फॅमिली पेन्शनच्या केसेस माझ्या टेबलावर आल्या. दोन-दोन दावेदार, कुटुंबाच्या तपशिलाच्या फॉर्मचा पत्ता नाही, सर्व्हिस बुकची पानं वाळवीने खाल्लेली, एक केस सुटायला महिना जातो. शेजारचा साध्या केसेसचे गठ्ठे उडवतो, त्याला ८. साहेबांना विचारलं तर म्हणे काम चांगलंय रे तुझं, पण निपटारा दिसत नाही. ५.८ म्हणजे नुसतं 'गुड', आणि प्रमोशनला बेंचमार्क, म्हणजे किमान लागणारा शेरा, 'व्हेरी गुड'.

जुना_बाबू
द्याच. अहवाल मिळाल्यापासून १५ दिवस असतात, ते चुकवू नका. आमच्या वेळी सीआर (तेव्हाचा गोपनीय अहवाल) बघायलाच मिळायचा नाही, फक्त वाईट शेरा असेल तर कळवायचे. २००८ च्या देव दत्त केसमध्ये असंच झालं होतं, 'गुड' शेरा होता, बेंचमार्क 'व्हेरी गुड', प्रमोशन गेलं आणि माणसाला शेरा माहीतच नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक शेरा कळवायला हवा. २००९ पासून केंद्रात अख्खा अहवाल हातात मिळतो तो त्यामुळेच.

टपालवाली
निपटाऱ्याचं काय सांगता! आमच्या सेक्शनला एकजण 'त्रुटी पूर्ण करून सादर करावे' लिहून अर्ज परत पाठवायचा, की झाला निकाली. तोच अर्ज परत आला की नवा आवक नंबर, परत निकाली. एका बाईंचा अर्ज असा तीनदा निकाली निघाला, पैसे शून्य.

रिपोर्टिंग_ऑफिसर
दुसरी बाजू पण ऐका. ९-१० द्यायचे तर नेमकी कामगिरी लिहावी लागते, म्हणून बरेच साहेब ७ च्या आसपास टाकून मोकळे होतात. १५ जणांचे अहवाल एका दुपारी लिहिताना कोणाची केस किती किचकट होती ते आठवत नाही हो, समोर सेल्फ अप्रेझल (तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेलं) असतं तेवढंच. तुम्ही त्यात काय लिहिलं होतं?

फाईलवाला
शेवटच्या तारखेला घाईघाईत भरलं. 'सोपवलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली.'

जुना_बाबू
अरेरे. आता केसवार तक्ता करा, कधी आली, काय अडलं, कधी सुटली, फाईलवरच्या नोटिंगच्या तारखांसकट. 'अन्याय झाला' एवढंच लिहिलं तर गेलं केराच्या टोपलीत.

फाईलवाला
अकरा दिवस उरलेत. उद्या रेकॉर्ड रूममध्ये बसतो.