एसएमई आयपीओला दोन लाखांची अट: बरोबर की चूक?

धागाकर्ता: छोट्या कंपन्यांच्या (एसएमई) आयपीओत, म्हणजे त्या लोकांना पहिल्यांदा शेअर विकायला काढतात तेव्हा, आता दोन लाखांहून कमी रकमेचा अर्ज चालत नाही. आधी ही अट एक लाखाची होती, शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने ती मार्च २०२५ मध्ये वाढवली. माझ्या मते उत्तम केलं. ऑगस्ट २०२४ आठवा. दिल्लीतला दुचाकींचा डीलर, दोन शोरूम, आठ कर्मचारी. मागितले १२ कोटी आणि अर्ज आले चारशे पटींहून जास्त! माझ्या एका सहकाऱ्याने अशाच दुसऱ्या इश्यूसाठी एफडी मोडली. आता भाव निम्म्यावर आलाय आणि विकायचा तर अख्खा लॉटच, म्हणजे ठरावीक शेअरांचा गठ्ठाच, विकावा लागतो. बिचारा रोज सकाळी विक्रीची ऑर्डर टाकतो, घेणारा मिळत नाही आणि साडेतीनला बाजार बंद झाला की ती तशीच रद्द होते.

प्रतिसाद १: साफ असहमत. दोन लाख खिशात असले की ताळेबंद वाचता येतो का? मी लघुउद्योगांचे हिशेब तपासतो. हातात ऑर्डर असते, पण बँक तारण मागते आणि यंत्रं आधीच गहाण असतात. अशांसाठीच २०१२ मध्ये शेअर बाजारांत एसएमई मंच, म्हणजे छोट्या कंपन्यांसाठी वेगळे विभाग, सुरू झाले. आता म्हणे तीनपैकी दोन वर्षं किमान एक कोटीचा कामकाजी नफा (व्याज, कर, घसारा जाण्याआधीचा) दाखवा. ज्याने नुकताच धंदा वाढवायला घेतलाय, त्याने काय करायचं? आयपीओच्या पैशातून प्रवर्तकांकडून, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकांकडून, घेतलेलं कर्ज फेडायला बंदी केली, ती मात्र हवीच होती.

धागाकर्ता: अटी नकोत म्हणता, मग ट्रॅफिकसोल ही कंपनी बघा. आयपीओच्या पैशातून सॉफ्टवेअर खरेदीसाठी १७.७० कोटी दाखवले आणि विक्रेता निघाला निव्वळ कागदावरची कंपनी. सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

प्रतिसाद १: अहो, ती कंपनी नफ्यातच होती! नफ्याच्या अटीने काय अडलं असतं? तक्रार आली, विक्रेत्याची चौकशी झाली, म्हणून सापडलं. ही चौकशी मर्चंट बँकरने, म्हणजे आयपीओचं काम पाहणाऱ्या संस्थेने, आधीच करायची असते, फी त्याचीच घेतो तो.

प्रतिसाद २: कर्जाचं कुणीच बोलत नाही. आयपीओत अर्ज करायला एनबीएफसीने (बँक नसलेल्या वित्त कंपनीने) माणशी एक कोटीच्या वर कर्ज द्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम चांगला आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये बँकांच्या अशा कर्जाची माणशी मर्यादा दहा लाखांवरून २५ लाख करणार असं तिनेच जाहीर केलं. मग दोन लाखांशी कोण अडणार? शेअर मिळाले नाहीत तरी व्याज भरावंच लागतं.

धागाकर्ता: हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. तरी अट राहू द्या. सहकाऱ्याची एफडी एक लाख चाळीस हजारांची होती. तेव्हा ही अट असती तर वाचला असता.

प्रतिसाद १: आणि वरचे साठ हजार त्याने उसने काढले असते तर?