तिसरीची मुलं बोलायला आणि गोष्ट लिहायला कशी लागतील?

तिसरीच्या बाई, वडोदरा
नमस्कार. मराठी माध्यमाची तिसरी, पट ३४, तास ३५ मिनिटांचा. घरी मराठी, गल्लीत गुजराती. मधल्या सुट्टीत मुलं भरपूर बोलतात, पण वर्गासमोर उभं केलं की दोन वाक्यांत गप्प. गोष्ट लिहायला दिली की ‘एक राजा होता. जंगलात गेला. वाघ आला. वाघ मेला.’ संपली! विषय, शब्द, सुरुवातीचं वाक्य, सगळं देऊन पाहिलं. रोजच्या तासात बसेल असं काय करावं?

मांडवीकर
ताई, वर्गासमोर उभं करणं तूर्त थांबवा. ३४ जणांना एकेक मिनिट दिलं तरी तास संपतो आणि प्रत्येक मूल ३३ मिनिटं नुसतं बसून राहतं. बाकावरच्या जोड्या करा. एकाने मिनिटभर सांगायचं, दुसऱ्याने ऐकून एकच प्रश्न विचारायचा, मग पाळी बदलायची. पाच मिनिटांत अख्खा वर्ग बोलून होतो. गोंगाट होईल, होऊ द्या. तुम्ही फिरत राहा, दोन-तीन जोड्यांपाशी थांबून ऐका. शेवटी दोघांनाच पुढे बोलवा आणि जोडीदाराने काय सांगितलं ते सांगायला लावा, म्हणजे ऐकणाराही कान देऊन ऐकतो.

‘माझी आई’, ‘माझी शाळा’ हे विषय नकोत, पाठ केलेला निबंध बाहेर येतो. ‘उत्तरायणाला गच्चीवर भांडण कशावरून झालं?’, ‘कमाटीबागेत चुकलात तर आधी कोणाकडे जाल?’ असं विचारा. मूल अडखळलं की लगेच ‘छान, बस’ म्हणू नका. मनात पाच आकडे मोजा, पुढचं वाक्य बहुतेकदा तेवढ्यात येतं.

रावपुऱ्याहून
लिहिण्याचं सांगते. जोडीत सांगून झालेली गोष्टच लिहायला द्या, नवी नको. ए-फोर कागद दोनदा दुमडला की चार चौकोन होतात: कोण आणि कुठे, अडचण काय आली, काय करून पाहिलं, शेवटी काय झालं. आधी चित्रं, काडीची माणसं चालतील, चौकोनाला दोन मिनिटं. मग चित्रावर बोट ठेवून गोष्ट जोडीदाराला सांगायची. लिहायची दुसऱ्या दिवशी. तिसरा चौकोन मुलं हमखास मोकळा सोडतात, आणि तुमचा वाघ पटकन मरतो तो तिथेच. अट घाला: पहिला उपाय फसलाच पाहिजे. मग राजाला दुसरी युक्ती शोधावीच लागते.

त्यानंतर एकच वाक्य फोडून दाखवा. विश्वामित्री नदीतल्या मगरी सगळ्या मुलांना ठाऊक आहेत. समजा कोणी लिहिलं, ‘पुरात मगर सोसायटीत आली. सगळे घाबरले.’ वर्गाला विचारा: आधी कोणी पाहिली? हातात काय होतं? घाबरल्याचं कशावरून कळलं? उत्तरं फळ्यावर घेत गेलात की असं काही तयार होतं: ‘आजी दुधाची पिशवी घेऊन जिन्यात उभी होती. खालच्या पायरीवर काहीतरी ओलं हललं. तिने पिशवी टाकली आणि आम्हाला वर ढकललं.’ एका तासाला असं एकच वाक्य पुरे. अख्खी गोष्ट फुलवायला लावलीत तर मुलं कंटाळून विशेषणं चिकटवतात.

निवृत्त मुख्याध्यापक
पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाला हात लावू नका. लाल खुणा दिसल्या की मुलं बिनचूक येतात तेवढेच शब्द वापरतात आणि गोष्ट आटते. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते, म्हणून दोन्ही लिपी लिहिणारी मुलं ती गाळतात. पक्क्या प्रतीत द्यायला सांगा. बोलतानाही टोकू नका. गुजरातीच्या सवयीने कोणी ‘मी जमून आलो’ म्हणाला तर ‘जेवून आलास? मग?’ एवढंच म्हणा.

तिसरीच्या बाई
जोड्या उद्यापासूनच. पण जोडीतही तोंड न उघडणारी चार-पाच आहेत, त्यांचं काय?

रावपुऱ्याहून
चिऊ-काऊची गोष्ट घ्या. वर्गाने ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ म्हणायचं आणि या मुलांनी मिळून ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ एवढंच. आठवड्याने तिघं, मग दोघं, मग एकटं. त्यानंतर दार न उघडण्याचं नवं कारण त्या मुलाने स्वतः काढायचं, आणि तेच वहीत उतरवायचं. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांच्या बालमंदिरातही गोष्टी आणि नाटुकल्यांना मोठी जागा होती.

अबोल मुलाची जोडी महिनाभर बदलू नका. आणि वर्गातल्या सगळ्यांत बडबड्याशेजारी त्याला बसवू नका, तो याच्या वाट्याचंही बोलून टाकतो.