अप्रेझलचा फॉर्म भरायचाय, काय लिहू?

जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत क्वालिटीला आहे, ३१ मार्चच्या आत सेल्फ अप्रेझल द्यायचंय अन् वर्षभर काय केलं तेच आठवत नाहीये भो, सांगा कोणीतरी

धुळेकर: जुने मेल अन् रिजेक्शनचं रजिस्टर काढ, एप्रिलपासून महिन्यावार बघ. साहेबाला फेब्रुवारी-मार्चच लक्षात राहतं, जूनचं काम तूच दाखवायचं. खूप मेहनत केली वगैरे लिहू नको, रिजेक्शन किती होतं अन् किती झालं ते आकडे टाक

भुसावळवाली: आधी केआरए उघड भाऊ, म्हणजे वर्षासाठी ठरवून दिलेली कामं अन् टार्गेटं. जे टार्गेट राहिलं त्याचं कारणही लिही, मशीन बंद होतं तर मेंटेनन्सची नोंद जोड

पगाराचं पण तेव्हाच बोलू का?

धुळेकर: रेटिंग होऊ दे. पण आकडा ठरवून जा, नाहीतर चहा पाजून वाटेला लावतात