मदत हवी आहे: फवारणीच्या विषबाधेनंतर कोलिनएस्टरेजची कोणती तपासणी करावी?

माझे मामा सासवडजवळ भाजीपाला पिकवतात. गेल्या महिन्यात वांग्यावर क्लोरपायरिफॉस फवारल्यानंतर त्यांना दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली, दिसणे अंधूक झाले आणि दंडाचे स्नायू आपोआप फडफडू लागले. पुण्यातील एका रुग्णालयात ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्झिम ही उताऱ्याची औषधे दिल्यावर ते बरे झाले. आता सिरम कोलिनएस्टरेजचा अहवाल ‘सामान्य’ आल्यामुळे ते पुन्हा पाठीवर पंप घ्यायला निघाले आहेत. त्या एका शब्दावर मामांचा भरवसा आहे, माझा नाही.

क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात, त्यामुळे मज्जातंतू आणि स्नायू यांच्या संधिस्थानी ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन साचत राहते, हे मला ठाऊक आहे. सिरममध्ये मात्र यकृतात तयार होणारे ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे वेगळे विकर मोजले जाते आणि ते काही आठवड्यांत भरून निघते. मज्जातंतूंमधील विकर तांबड्या रक्तपेशींवरही असते; पण या पेशींना केंद्रक नसल्याने त्या नवे विकर बनवू शकत नाहीत, आणि पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने तेथील पातळी दिवसाला जेमतेम १ टक्का वाढते. शिवाय ‘सामान्य’ची मर्यादा इतकी रुंद असते की ज्याची मूळ पातळी वरच्या टोकाला आहे, त्याचे बरेच विकर गेले तरी अहवालात काहीच दिसत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियातील नियमांत अशी कीटकनाशके नियमित हाताळणाऱ्या कामगाराची स्वतःची मूळ पातळी आधी मोजतात. तांबड्या पेशींतील विकर तिच्या ७० टक्क्यांवर किंवा त्याखाली आले की त्याचे काम थांबवतात आणि ते ८० टक्क्यांवर परतल्याशिवाय त्याला पुन्हा हात लावू देत नाहीत. मामांची मूळ पातळी कोणीच मोजलेली नाही. (आपल्याकडे ती कोण मोजतो, हा वेगळाच प्रश्न.)

तांबड्या पेशींतील कोलिनएस्टरेजची तपासणी पुण्यात कोठे होते? काही आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा करून आकडा जेथे स्थिरावेल, तीच मूळ पातळी धरणे वैद्यकीयदृष्ट्या ग्राह्य आहे का?

याहून अधिक काळजीची बाब म्हणजे मामांच्या तळपायांना अलीकडे मुंग्या येतात. विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी उद्भवणारा मज्जातंतूंचा विकार न्यूरोपॅथी टार्गेट एस्टरेज या निराळ्याच विकराशी जोडलेला असतो, म्हणजे कोलिनएस्टरेजचा अहवाल कितीही चांगला असला तरी त्यावरून हा विकार नाही असे ठरत नाही. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ मागितली आहे. तेथे मज्जातंतू-वहन तपासणीचा (नर्व्ह कंडक्शन स्टडीचा) आग्रह धरावा का, हे या क्षेत्रातील डॉक्टरांनी कृपया सांगावे. दूध-तूप पाजण्याचे सल्ले गावात भरपूर मिळाले आहेत.