घरात येणाऱ्या इअरविगचा बंदोबस्त कसा करावा?

परसदार:
नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी सिएटलजवळ घर घेतले. जुलै लागल्यापासून रात्री सिंकखाली, न्हाणीघरात आणि मागच्या दाराच्या उंबरठ्यापाशी तपकिरी, चपटे, अर्ध्या इंचाहून थोडे लांब आणि शेपटीला चिमटा असलेले किडे सापडत आहेत. शेजाऱ्यांनी त्यांचे नाव इअरविग असे सांगितले. सध्या पुण्याहून आई आलेली आहे. नावातला ‘इअर’ ऐकल्यापासून ती स्वतः कानात कापसाचे बोळे घालून झोपते आणि चार वर्षांच्या नातीच्याही कानात घालते. शिवाय वाफ्यातील कोथिंबीर आणि डेलियाच्या पाकळ्या रात्रीतून कुरतडलेल्या दिसतात. घरभर औषध फवारून घ्यावे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

दवबिंदू:
आधी आईंची भीती दूर करा, कारण तिला काहीही आधार नाही. इअरविग कानात घर करतो किंवा मेंदूपर्यंत जातो ही समजूत युरोपातली आणि फार जुनी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही या किड्याच्या नावात ‘कान’ होताच. प्रत्यक्षात त्याला अंधारी, ओलसर फट हवी असते, माणसाचा कान नव्हे. कोणताही छोटा किडा चुकून कानात जाऊ शकतो, पण तसे प्रसंग झुरळांच्या बाबतीत कितीतरी अधिक घडतात. या किड्याला विष नसते, तो रोग पसरवत नाही, आणि बोटात धरल्यास चिमटा काढतो तो क्षणभर टोचण्यापुरता. लहान मुलीच्या कानातले बोळे मात्र आजच बंद करा. त्यांपासूनच इजा होण्याचा संभव अधिक आहे.

वाफा:
मी ओरेगॉनमध्ये पंधरा वर्षे बाग करत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्याकडचा किडा बहुधा युरोपीय इअरविग असावा. अमेरिकेत त्याची पहिली नोंद 1907 साली तुमच्याच सिएटलमध्ये झाली. मादी जमिनीतल्या बिळात साधारण तीस ते पन्नास अंडी घालते आणि ती उबेपर्यंत त्यांच्यापाशीच राहते. बुरशी धरू नये म्हणून ती अंडी एकेक करून चाटून स्वच्छ ठेवते आणि पिल्ले निघाल्यावरही काही काळ त्यांना सांभाळते. कीटकांमध्ये असे मातृत्व क्वचितच आढळते, हे आईंना जरूर सांगा.

आता घरात येण्याचे कारण पाहू. तुमच्याकडे उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे बाहेरची जमीन तापून सुकली की हे किडे गारवा आणि ओल शोधत भिंतीच्या फटींतून आत शिरतात. घरात त्यांची वाढ सहसा होत नाही. जे दिसतात ते बाहेरूनच आलेले असतात. म्हणून घरभर औषध फवारण्याचा खर्च मी करणार नाही, कारण आतले मेले तरी बाहेरचे येतच राहतील. आत दिसलेले व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या किंवा झाडून साबणाच्या पाण्यात टाका. खरे काम भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आहे. एक सांगा, घराच्या पायाला लागून झाडांच्या सालींचे आच्छादन घातले आहे का, आणि झाडांना पाणी केव्हा देता?

परसदार:
आच्छादन आहे, तेही थेट भिंतीला टेकलेले. स्प्रिंकलर रात्री आठला सुरू होतो.

वाफा:
मग दोन्ही कारणे सापडली. रात्रभर ओली राहणारी साल म्हणजे त्यांच्यासाठी आयते घर. भिंतीपासून फूटभर पट्टा मोकळा करून तेथे कोरडी खडी पसरा, पाणी पहाटे द्या, आणि लाकडे, रिकाम्या कुंड्या, साचलेला पाचोळा भिंतीपासून दूर हलवा. दाराखाली रबरी पट्टी लावा, आणि पाइप जेथून आत येतात तेथील फटी सिलिकॉनने बुजवा. मागच्या दारावरचा दिवा पांढरा असेल तर पिवळा लावा, कारण पांढऱ्या प्रकाशाकडे ते अधिक येतात.

वाफ्यासाठी वर्तमानपत्राची ओलसर सुरळी संध्याकाळी जमिनीवर ठेवा आणि सकाळी साबणाच्या पाण्यात झटका. अधिक खात्रीचा उपाय म्हणजे माशाचा पसरट रिकामा डबा काठ जमिनीच्या पातळीला येईल असा पुरून त्यात अर्धा इंच तेल आणि चमचाभर सोया सॉस घालणे. वासाने किडे येऊन बुडतात. डबे रोज रिकामे करा, आणि संख्या घटेपर्यंत काही आठवडे हा क्रम सोडू नका. डायटोमेशियस अर्थची भुकटी (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची, किडे सुकवून मारणारी पूड) केवळ कोरड्या जागी उपयोगी पडते. ती श्वासात जाऊ नये म्हणून मुलीपासून दूर ठेवा.

बांधावर:
मी साताऱ्याकडचा शेतकरी आहे. आमच्याकडेही पावसाळ्यात दगडाखाली आणि शेणखताच्या ढिगात चिमट्याचे किडे निघतात. जात वेगळी, पण सवयी बऱ्याचशा सारख्या. त्यांतले काही अळ्या आणि किडींची अंडी खातात, म्हणून मी दिसले तरी मारत नाही. तुमच्याकडे फळझाडे आहेत का?

परसदार:
एक सफरचंदाचे झाड आहे, आणि त्यावर मावा आहे.

वाफा:
मग त्या झाडाखाली एकही डबा पुरू नका. हेच इअरविग रात्री झाडावर चढून मावा खातात. कोथिंबिरीच्या वाफ्यातील कागदी सुरळीमध्ये सापडलेले किडे साबणाच्या पाण्यात टाकण्याऐवजी त्या बुंध्यापाशी सोडले तरी चालेल, मात्र झाड भिंतीपासून आणि वाफ्यापासून पुरेसे दूर असायला हवे.